गाडीवरची पाटी

आपल्या वसतिगृहात शिकलेला एक विद्यार्थी आज पोह्यांची हातगाडी लावतो. तो पदवीधर आहे; स्पर्धा परीक्षांच्या तयारीत त्याची पाच वर्षे गेली. मागील मेळाव्यात त्याचे वडील मला बाजूला घेऊन म्हणाले, "गुरुजी, पोरगं काय करतं ते इथं कुणाला सांगू नका." म्हणून नाव लिहीत नाही. परंतु त्या विनंतीची बोच मनातून जात नाही.

गाडीची ओढ मला समजते. भरतीच्या जाहिरातीकडे डोळे लावून बसावे लागत नाही, दुकानाचे भाडे भरावे लागत नाही. पहाटे चारला कांदा चिरायला बसावे. दिवस बरा असेल तर दहापर्यंत पातेले रिकामे होते आणि पैसा त्याच दिवशी हाती येतो. अर्थात गल्ल्यातील रक्कम म्हणजे नफा नव्हे. उद्याचे पोहे, तेल, गॅस, थकलेली उधारी आणि पावसाने बुडालेला दिवस हे सारे त्यातूनच निघते. कोथिंबीर निवडणाऱ्या आईची मजुरी तर कोणीच धरत नाही. ती धरावी, मग धंदा परवडतो की नाही ते बोलावे.

शिक्षण येथे वाया जात नाही. 2014 च्या पथविक्रेता कायद्याने विक्री प्रमाणपत्राची तरतूद केली. नगर पथविक्रेता समितीत किमान 40 टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले असावेत, असे तो सांगतो. माल जप्त झाल्यास त्याची यादी मिळाली पाहिजे आणि नाशवंत माल मागणी केल्यास त्याच दिवशी परत मिळाला पाहिजे, हेही त्यात आहे. गाडी उचलली जात असताना हे कलम शांतपणे दाखवू शकणारा माणूस रस्त्यावर हवाच आहे.

पण वडिलांची लाज केवळ पदवीची नव्हती. आपल्या माणसांनी रस्ते बांधले, गोण्या वाहिल्या. शिजवलेले अन्न विकणे ही गोष्ट निराळी. तेथे गिऱ्हाईक आपल्या हातचे खाते. शेजारच्या गाड्यांवर मालकांची आडनावे आहेत. याच्या पाटीवर फक्त 'गरमागरम पोहे'. विचारले तेव्हा म्हणाला, "सर, गिऱ्हाईक तुटेल." मी त्याला दोष देत नाही, घर त्याला चालवायचे आहे. मात्र शंभरहून अधिक वर्षांपूर्वी कोल्हापुरात गंगाराम कांबळे यांनी चहाचे हॉटेल काढले, तेव्हा ते कोणाचे आहे हे साऱ्या गावाला ठाऊक होते आणि शाहू महाराज स्वतः तेथे जाऊन चहा घेत. त्या हॉटेलाला गिऱ्हाईक राजाने मिळवून दिले. आज ते काम आपल्यावाचून कोण करणार? आपणच आपल्या मुलाच्या गाडीपुढून मान वळवून जाऊ लागलो, तर परक्याने तेथे का थांबावे?

यंदाच्या मेळाव्याचा नाश्ता त्याच्याकडूनच, पूर्ण दाम देऊन घ्यावा, असे मी समितीला सुचवले आहे. गाडी फाटकाच्या आत नव्हे, बाहेर रस्त्यावर उभी राहावी. तो येतो म्हणाला. वडिलांनाही त्यानेच विचारले. पाटीचे मात्र अजून ठरलेले नाही.