आधी नाव विचारा

संगणक मंदावला की घरात पहिला आरोप होतो तो त्याच्या वयावर. "जुना झाला, आता नवा घ्या." आमच्या नेरडीगोंड्याच्या घरीही गेल्या पावसाळ्यात हेच चालले होते. यंत्र बारा वर्षांचे, रॅम अवघी २ जीबी, त्यावर लिनक्स. एक खिडकी उघडायला चहा उकळून होईल इतका वेळ लागायचा.

एका संध्याकाळी सौ. फोनवर होत्या. पलीकडे बीदरहून सासूबाई लग्नातली सोबाने पदे सांगत होत्या आणि त्या कन्नडमध्ये टाइप करून घेत होत्या. मध्येच माउस अडकला. "अहो, जरा बघता का?" मी मोठ्या उत्साहाने बसलो. टर्मिनल उघडले, सगळ्यात जास्त खाणाऱ्या प्रोसेसचा क्रमांक शोधला आणि 'किल -९' हा आदेश दिला. घाईत क्रमांक मात्र शेजारच्या ओळीचा उचलला. ब्राउझरऐवजी लिब्रेऑफिसच गेले. पुन्हा उघडल्यावर आपोआप जपलेला मजकूर परत मिळाला. शेवटच्या काही मिनिटांत टाइप केलेले एक पद तेवढे गेले ते गेलेच.

वाचकहो, चूक संगणकाची नव्हती. कोण बसले आहे हे न पाहताच मी त्याला उठवले होते.

चालू असलेल्या प्रत्येक प्रोग्रामला लिनक्स एक क्रमांक देते, त्याला पीआयडी म्हणतात. टर्मिनलमध्ये इंग्रजी छोट्या अक्षरांत 'टॉप' टाइप केले की या सगळ्यांची यादी समोर येते. मोठा 'एम' दाबला की जास्त रॅम घेणारे वर येतात, मोठा 'पी' दाबला की प्रोसेसरला जास्त राबवणारे. छोट्या 'क्यू'ने बाहेर पडता येते. टर्मिनलची भीती वाटणाऱ्यांसाठी हेच काम करणारा 'सिस्टीम मॉनिटर' बहुतेक लिनक्समध्ये मेनूत असतो.

यादीच्या वरच्या भागात मोकळी रॅम फार थोडी दिसली म्हणून दचकू नये. रिकामी रॅम लिनक्स फायली हाताशी ठेवायला वापरते आणि लागली की सोडते. पाहायचा तो 'अव्हेलेबल'चा आकडा. तो तळाला गेला आणि हार्ड डिस्कचा दिवा सारखा लुकलुकत असला, तर रॅममध्ये न मावणारा माल संगणक डिस्कवरच्या 'स्वॅप'मध्ये नेऊन ठेवतो आहे आणि पुन्हा आणतो आहे. फडताळ भरले म्हणून भांडी माळ्यावर ठेवली, तर दर वेळी शिडी लावावी लागणारच! आमच्याकडे नेमके तेच होत होते. ब्राउझरमध्ये २३ टॅब उघडे होते आणि पाठीमागे फायलींची सूची करणारा एक प्रोग्राम राबत होता.

मग करायचे काय? सगळ्यात आधी चालू काम सेव्ह करावे. नको असलेले टॅब आणि खिडक्या नेहमीच्या रीतीने मिटाव्यात. तरीही एखादा प्रोग्राम हटला नाही, तर त्याचे नाव आणि क्रमांक दोनदा वाचून साधा 'किल' द्यावा. साध्या 'किल'चा अर्थ "आवरा आणि निघा" असा आहे, त्यात प्रोग्रामला आवराआवर करायला वाव मिळतो. '-९' म्हणजे बोलू न देता दाराबाहेर काढणे, तो शेवटचा उपाय. 'रूट'च्या नावाने चालणाऱ्या आणि अनोळखी प्रोसेसच्या वाटेला तर जाऊच नये.

काही कामे बंद करायची नसतात, त्यांनी फक्त घाई करू नये एवढेच हवे असते. त्यासाठी 'नाइस' हा आदेश आहे. त्याचे अंक -२० पासून १९ पर्यंत. अंक जितका मोठा तितका तो प्रोग्राम सौजन्याने इतरांना पुढे जाऊ देतो. व्हिडिओ रूपांतरासारखे लांबलचक काम १९ वर टाकले की आपले टाइपिंग अडत नाही. याने प्रोसेसरची रांग सुधारते, रॅम मात्र वाचत नाही. रॅमसाठी 'स्टार्टअप ॲप्लिकेशन्स' उघडून संगणकासोबत आपोआप सुरू होणारे नको ते प्रोग्राम काढून टाकावेत.

थोड्या रॅममध्ये संसार करणे काही नवे नाही. २००७ मध्ये रायगड जिल्ह्यात कर्जतजवळच्या खैराट येथील छोट्या शाळेत 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' योजनेचे लॅपटॉप आले. त्यांत लिनक्सच होते आणि रॅम होती २५६ एमबी, म्हणजे माझ्या यंत्राच्या आठवा हिस्सा. त्या यंत्रावर फार खिडक्या उघडल्या की ते अडखळे. पडद्याच्या कडेला चालू उपक्रमांची चित्रे दिसत, त्यातून नको ते मिटवायचे. आपल्याला ती चित्रे 'टॉप'मध्ये ओळींच्या रूपात दिसतात, एवढाच फरक.

आमचे यंत्र आता बरे चालते. टॅब चार-पाचच असतात आणि सूची करणारा प्रोग्राम बंद आहे. पुढेमागे रॅम वाढवावी लागेल, कारण प्रोसेस कितीही नेटक्या ठेवल्या तरी २ जीबीचे ४ होत नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी ओशाळून सासूबाईंना फोन केला. "इरली बिड्री," म्हणत त्यांनी ते पद पुन्हा सांगितले. मधल्या दोन ओळी मात्र त्यांना काही केल्या आठवेनात. त्यांची जागा सौ.नी फायलीत रिकामी ठेवली आहे. किल देण्याआधी आता मी ती फाईल सेव्ह झाली का, ते पाहतो.