मजबूत झालं, मग रडतोस कशाला?

परवा मामा आले होते. चहा घेता घेता गाडी माझ्या वाचनावर घसरली. म्हणाले, "न्यूट्रॉनच्या माऱ्याने तांबं मजबूत होतं म्हणतोस, मग रडतोस कशाला?"

प्रश्न रास्त आहे. घोळ 'मजबूत' या शब्दात आहे.

भारतही भागीदार असलेलं ईटर हे अणुसंलयनाचं यंत्र फ्रान्समध्ये उभं राहतंय. त्याच्या तळाशी दर चौरस मीटरवर १० ते २० मेगावॅट उष्णता पडणार. ती झेलायला बाहेर टंगस्टन, आणि ती वाहून न्यायला आत तांबं-क्रोमियम-झिर्कोनियमच्या नळ्या, त्यातून खेळतं पाणी.

आता न्यूट्रॉन आदळले की अणू जागचे उडतात. दर दहा अणूंमागे सरासरी एक अणू एकदा हलला, एवढ्यानेच काम होतं. धातूत बारीक बारीक दोष साठतात आणि त्याचे थर एकमेकांवरून सहज सरकेनासे होतात. ताकद वाढते ती अशी! पण शे-दीडशे अंशांवर असा मारा खाल्लेली ही मिश्रधातू एकसारखी ताणली जाते ती जेमतेम एक-दोन टक्के. पुढचा सगळा ताण मोजक्या अरुंद पट्ट्यांत गोळा होतो.

पुण्याच्या तांबट आळीत हे कोडं रोज सुटतं. ठोकून तांबं कडक झालं की ते भट्टीत तापवायचं, नरम झालं की पुन्हा ठोकायचं. इथे मात्र तापवायचीही चोरी. तापमान तीनशे अंशांपलीकडे फार वेळ राहिलं, तर क्रोमियमचे बारीक कण जाडे होतात आणि मुळातली ताकदच जाते. म्हणजे थंड ठेवा तर ताठर, गरम ठेवा तर मऊ!

म्हणून माझं मत सांगतो. २०२३ साली इंग्लंडच्या जेट यंत्राने ६९ मेगाज्यूल ऊर्जेचा विक्रम केला, त्याचं कौतुक झालं, व्हायलाच हवं. पण संलयनाची वीज घरी येईल की नाही, हे या नळ्यांवरही ठरणार आहे. स्पेनमध्ये ग्रॅनाडाजवळ धातूंवर असाच मारा करून पाहणारं डोन्स हे केंद्र उभं राहतंय. खरं तर ते आधी हवं होतं. चाचणी आधी, घोषणा नंतर.

मामांना एवढंच म्हटलं, "वाकता न येणारी ताकद काय कामाची?" ते हसले. म्हणाले, "हे तुझ्या आजोबांना सांगायला हवं होतं!"

असो. तुम्हाला काय वाटतं?