अणू साक्ष देतात, अर्थ माणूस लावतो

भारतीय नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ रोजी लागू झाली. सात वर्षे वा त्याहून अधिक शिक्षा असलेल्या गुन्ह्यांत न्यायसहायक विज्ञानाच्या तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावे गोळा करावेत, असे बंधन तिच्या १७६व्या कलमाने घातले आहे. या तरतुदीच्या अंमलबजावणीसाठी राज्यांना पाच वर्षांपर्यंतची मुदत आहे. तपास कबुलीजबाबावर आणि ऐनवेळी उलटणाऱ्या साक्षीदारांवर विसंबून राहू नये, हा त्यामागील हेतू स्वागतार्हच आहे. परंतु विज्ञानाला न्यायासनासमोर उभे करताना त्याचे सामर्थ्य आणि त्याची मर्यादा, दोन्हींची जाण समाजाला असली पाहिजे.

ही दृष्टी आपल्याला नवी नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील ‘आशुमृतकपरीक्षा’ हे प्रकरण आकस्मिक मृत्यूच्या चौकशीविषयीच आहे. मृताच्या हृदयातील अंश अग्नीत टाकावा. तो तडतडला किंवा इंद्रधनुष्यासारखे रंग दिसले, तर विषबाधा समजावी, असे तेथे म्हटले आहे. याला आजचे वर्णपटशास्त्र म्हणणे अतिशयोक्तीचे होईल; पण संशयिताच्या तोंडून वदवून घेण्याआधी पदार्थालाच प्रश्न विचारावा, ही वृत्ती त्यात निश्चित आहे. युरोपात १८३६ साली जेम्स मार्श यांनी सोमल ओळखण्याची खात्रीची रासायनिक कसोटी शोधली आणि विषप्रयोगाच्या खटल्यांना भक्कम आधार मिळाला.

आजची साधने याच मार्गावर फार पुढे गेली आहेत. न्यूट्रॉन सक्रियण पद्धतीत नमुन्यावर न्यूट्रॉनचा मारा करतात. त्यातील मूलद्रव्ये किरणोत्सारी होतात आणि प्रत्येक मूलद्रव्य आपल्या विशिष्ट ऊर्जेच्या गॅमा किरणांनी स्वतःची ओळख देते. प्लाझ्मा वस्तुमान वर्णपटमापक नमुन्याचे आयनांत रूपांतर करून त्यांना वस्तुमानानुसार वेगळे करतो. अब्ज भागांत एक भाग इतके अल्प प्रमाणही त्याला सापडते. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आणि क्ष-किरण विश्लेषण यांच्या जोडीने हातावरील वा कपड्यावरील एकेका कणात शिसे, बेरियम, अँटिमनी आहे का, हे पाहता येते. ही तीन मूलद्रव्ये एकाच कणात एकत्र आढळली, तर तो गोळीबाराचा अवशेष असावा असे मानले जाते.

यंत्राने नेमके मोजले म्हणजे सत्य हाती आले, असे मात्र नाही. अमेरिकेतील एफबीआय ही संस्था कित्येक दशके बंदुकीच्या गोळ्यांतील शिशाचे पृथक्करण करीत असे. अँटिमनी, अर्सेनिक, तांबे, कथील, बिस्मथ, चांदी, कॅडमियम या सात मूलद्रव्यांचे प्रमाण जुळले की घटनास्थळावरील गोळी आणि आरोपीच्या घरातील गोळ्या एकाच खोक्यातील असल्याची साक्ष न्यायालयात दिली जाई. २००४ साली तेथील राष्ट्रीय संशोधन परिषदेने याची छाननी केली. मोजमाप योग्य होते, पण निष्कर्षाला आधार नव्हता! शिशाच्या एकाच ओतीव घाण्यातून लहान आकाराच्या १२ हजारांपासून साडेतीन कोटींपर्यंत गोळ्या निघू शकतात, असे परिषदेला आढळले. मग ‘जुळले’ या शब्दाला कितीसा अर्थ उरला? सप्टेंबर २००५मध्ये एफबीआयने ही चाचणीच बंद केली.

ब्रिटनमधील उदाहरण तर अधिक बोलके आहे. दूरचित्रवाणी निवेदिका जिल डँडो यांची एप्रिल १९९९मध्ये हत्या झाली. वर्षभराने जप्त केलेल्या एका कोटाच्या खिशात गोळीबाराच्या अवशेषाचा एकच सूक्ष्म कण सापडला आणि २००१ साली त्या इसमाला जन्मठेप झाली. तो कण त्या बंदुकीतून आला असण्याची शक्यता जितकी, तितकीच तो अन्य मार्गाने आला असण्याचीही, हे पुढे स्पष्ट झाले. २००७ साली शिक्षा रद्द झाली आणि २००८च्या फेरखटल्यात तो निर्दोष ठरला. एका कणापायी माणसाच्या आयुष्याची सात-आठ वर्षे तुरुंगात गेली, आणि हत्येचे गूढही उकलले नाही.

आता अब्जांश तंत्रज्ञान या क्षेत्रात येत आहे. मीटरच्या अब्जाव्या भागात मोजल्या जाणाऱ्या सोन्याच्या कणांनी बोटांचे पुसट ठसे उठवण्याचे तंत्र १९८९पासून ज्ञात आहे. प्रकाशमान अब्जांश कणांवरही जगभर संशोधन सुरू आहे. परंतु साधन जितके सूक्ष्म, तितका बाह्य संसर्गाचा धोका मोठा. हवालदाराच्या गणवेशावरून, पोलीस गाडीच्या आसनावरून एखादा कण आरोपीच्या सदऱ्यावर येणे अशक्य नाही. निष्काळजीपणे बांधलेल्या पुडक्याचा दोष कोट्यवधींचे यंत्र दूर करू शकत नाही.

म्हणूनच केवळ यंत्रखरेदी म्हणजे आधुनिकीकरण नव्हे. पुरावा उचलणाऱ्या शिपायापासून प्रशिक्षण हवे. आपल्या देशातील काच, माती, रंग आणि काडतुसे यांच्या घटकांची स्वतःची संदर्भ-माहिती हवी. ती नसेल तर ‘दुर्मीळ’ कशाला म्हणायचे, हेच ठरत नाही. प्रत्येक अहवालात काय जुळले, याबरोबर ते योगायोगाने जुळण्याची शक्यता किती, हेही नमूद असावे. संहितेच्या ३२९व्या कलमानुसार सरकारी तज्ज्ञाचा अहवाल त्याची तोंडी साक्ष न होताही पुरावा म्हणून वापरता येतो. न्यायालयाला वाटल्यास ते तज्ज्ञाला बोलावू शकते. निर्णायक प्रकरणांत या अधिकाराचा वापर व्हायलाच हवा. आरोपीच्या वकिलालाही त्या अहवालाची चिकित्सा करण्याइतके शास्त्र अवगत असावे.

गुन्हेगार सुटू नये ही समाजाची रास्त अपेक्षा आहे. पण निरपराध व्यक्ती तुरुंगात जाते, तेव्हा खरा गुन्हेगार सुटलेलाच असतो. प्रयोगशाळेचा कागद दिसताच शंका गिळून टाकणे ही विज्ञाननिष्ठा नव्हे; ती नवी अंधश्रद्धाच होय. अणू खोटे बोलत नाहीत. त्यांच्या बोलण्याचा अर्थ लावणारा माणूस तितकाच प्रामाणिक आणि सावध राहील, याची व्यवस्था उभारणे हे आपले काम आहे.