परक्याच्या जमिनीवरील गोठा

खेळ हा शब्द उच्चारतांच आमच्या पिढीच्या डोळ्यांपुढें दुसरा गडी उभा राहतो. सोंगट्यांचा पट एकट्यासाठीं कोणी मांडीत नाहीं, आणि आट्यापाट्यांस तर अवघी आळी लागते. म्हणून 'सोशल गेमिंग' हें नांव म्हणजे पिवळा पीतांबर होय. जो खेळ तो सामाजिकच. परंतु या नांवाखालीं २००९ नंतर फेसबुकवर जें कांहीं चाललें, त्यांत गडी कोण आणि सोंगटी कोण, हा प्रश्न निराळा आहे. घरांतील तरुण मंडळी गेम रचण्याचाच व्यवसाय करूं म्हणत असतां वडील माणसांनीं तो समजून घेणें अवश्य आहे.

जून २००९ मध्यें अमेरिकेंतील झिंगा या कंपनीनें 'फार्मव्हिल' नांवाचा खेळ फेसबुकवर आणिला. पडद्यावर शेताचा एक तुकडा. त्यांत पेरावें, ठराविक तासांनीं परत येऊन कापणी करावी, आणि येण्यास फार उशीर झाला तर पीक कोमेजावें. शेत वाढविण्यास 'शेजारी' हवेत, म्हणून ओळखीच्या माणसांस आमंत्रणें धाडावीं. तें नको असेल तर पैसे भरावे. २०१० च्या आरंभीं महिन्याकाठीं आठ कोटींहून अधिक माणसें हें शेत करीत होतीं. येथें मित्र हा सवंगडी राहिला नाहीं. तो पैशाच्या ऐवजीं मोजावयाचें एक नाणें झाला.

ही गोष्ट ज्यांनीं नेमकी हेरली, त्यांत इअन बोगोस्ट हे एक होत. हे गृहस्थ त्या वेळीं अटलांटा येथील जॉर्जिया टेकमध्यें अध्यापक होते आणि स्वतःहि खेळ रचीत असत. त्यांनीं आपल्या टीकेला खेळाचेंच रूप दिलें. जुलै २०१० मध्यें, अवघ्या तीन दिवसांच्या खटपटीनें, त्यांनीं 'काऊ क्लिकर' उभा केला. त्याचे नियम ऐकण्यासारखे आहेत. तुम्हांस एक गाय मिळते. तिच्यावर एकदां क्लिक करावें. पुढचें क्लिक औषधाच्या मात्रेप्रमाणें सहा तासांनीं. मित्रांच्या गाई आपल्या कुरणांत आणाव्या, म्हणजे आपल्या क्लिकाबरोबर त्यांच्याहि खात्यांत भर पडते. सहा तास दम निघत नसेल तर पैसे द्यावे. झाला खेळ! दूध नाहीं, वासरूं नाहीं, शेणहि नाहीं.

हा सारा उपहास होता. तरीहि पन्नास हजारांहून अधिक लोक त्या कुरणांत जमले, आणि निराळ्या रंगारूपाच्या गाईंना पैसे देणारेहि निघाले. शेवटीं सप्टेंबर २०११ मध्यें बोगोस्ट यांनीं सगळ्या गाई नाहींशा केल्या. गाय जेथें उभी असे ती जागा तेवढी राहिली. आणि त्या मोकळ्या जागेवरहि कांहीं लोक क्लिक करीत राहिले! त्यांस मूर्ख म्हणून मोकळें होणें सोपें आहे. परंतु भिंतीवरचें घड्याळ दुरुस्तीस गेलें असतांहि आपली दृष्टि त्या खिळ्याकडे जातेच कीं नाहीं? मनुष्याच्या या स्वभावावर ज्यांनीं जाणूनबुजून दुकान थाटलें, त्यांना दोष द्यावयाचा, कीं सवयीस बळी पडलेल्यांना?

हें कुरण बोगोस्ट यांचेंहि नव्हतें. तें फेसबुकचें होतें. कोंकणांतील वाचकांस खोत आणि कूळ यांचा पूर्वींचा संबंध समजावून सांगावयास नको. कुळानें घाम गाळावा, खंड भरावा, आणि खोताची मर्जी फिरली कीं तोंड मिटून बसावें. जुलै २०११ पासून फेसबुकवरील खेळांस फेसबुकचेंच चलन सक्तीचें झालें आणि उत्पन्नांतील शेंकडा ३० हा त्याचा वांटा ठरला. ॲपलनें आपलें दुकान २००८ मध्यें उघडलें तेव्हां तेथेंहि हाच दर होता. लहान निर्मात्यांसाठीं तो २०२१ पासून शेंकडा १५ वर आला. खंड घेणें हाच अन्याय, असें आम्ही म्हणत नाहीं. पेठेंत दिवाबत्ती करणारास कांहीं द्यावेंच लागतें. जाच आहे तो नियम एकतर्फी बदलण्याचा. फार्मव्हिलची तर जमीन एकाची आणि नांगर दुसऱ्याचा. तो खेळ ॲडोबीच्या फ्लॅश या साधनावर चाले. ॲडोबीनें फ्लॅशचा आधार काढून घेतला आणि ३१ डिसेंबर २०२० रोजीं तें शेत बंद झालें.

एकट्यादुकट्या निर्मात्यास नांगराचा हा प्रश्न अधिक जाचतो. चित्र हलविणें, वस्तूंच्या टकरीचें गणित, ध्वनि, हीं कामें तयार करून देणाऱ्या साधनास 'इंजिन' म्हणतात. त्यांतील युनिटी हें फार प्रचलित आहे. सप्टेंबर २०२३ मध्यें त्याच्या कंपनीनें जाहीर केलें कीं, एका मर्यादेपलीकडे खेळ जितक्या वेळां यंत्रांवर उतरविला जाईल तितक्या वेळां शुल्क पडेल. विक्रीवर नव्हे, उतरविण्यावर! मोठा गदारोळ झाला. त्याच महिन्यांत नियम सौम्य केले गेले आणि सप्टेंबर २०२४ मध्यें ती आकारणीच रद्द झाली. पण तोंवर कित्येकांनीं गोडोची वाट धरली होती. हें इंजिन मूळचें अर्जेंटिनांतील असून २०१४ पासून सर्वांस विनामूल्य खुलें आहे. घरांतील मुलगा किंवा मुलगी या व्यवसायांत शिरूं म्हणेल तेव्हां 'मिळकत किती?' याच्या आधीं 'इंजिन कोणाचें आणि दुकान कोणाचें?' असें विचारावें.

एरिक बॅरोन हा सिॲटलकडील तरुण नाट्यगृहांत प्रेक्षकांस जागा दाखविण्याचें अर्धवेळ काम करून साडेचार वर्षें एकटाच एक खेळ रचीत होता. चित्रें, संगीत, संवाद, सर्व त्याचेंच. 'स्टारड्यू व्हॅली' हा तो खेळ फेब्रुवारी २०१६ मध्यें बाहेर पडला. त्याचेंहि साधन मध्येंच पोरकें झालें होतें. मायक्रोसॉफ्टनें एक्सएनए पुढें वाढविण्याचें २०१३ मध्यें सोडून दिलें. परंतु त्याच धर्तीवर इतरांनीं मोनोगेम हें खुलें साधन तयार केलेलें होतें, त्यावर २०२१ मध्यें मूळ खेळ नेतां आला. दुकानाचा वांटा मात्र त्यालाहि चुकला नाहीं.

गंमत अशी कीं हाहि खेळ शेतीचाच. येथें मात्र खेळ बंद केला कीं काळ थांबतो. तुम्ही आठ दिवस फिरकलां नाहीं म्हणून पीक कोमेजत नाहीं. २०१८ मध्यें त्यांत चौघांपर्यंत एकत्र शेत करण्याची सोय झाली. पाणी कोणीं घालावें, मासे कोणीं धरावे, हें चौघांनीं बोलून ठरवावें लागतें. आणि भांडण झालें तर तें मिटविणेंहि त्यांच्याकडेच.