एमबीएची फी तासांत मोजा

अलीकडे मोबाईल हातात घेतला की एक जाहिरात हमखास समोर येते. काळा कोट घातलेली, हातात पदवीची गुंडाळी धरलेली एक हसरी तरुणी आणि खाली ओळ – नोकरी न सोडता, घरबसल्या एमबीए करा! पूर्वी अशा जाहिराती पुण्या-मुंबईच्या पेपरात यायच्या. आता त्या पंढरपुरात प्रदक्षिणा मार्गावर राहणाऱ्या बाईच्या मोबाईलवरही येतात, आणि ती त्या नुसत्या पाहत नाही, मनावर घेते.

बचत गटाच्या निमित्ताने माझा ज्या बायकांशी संबंध येतो, त्यांतल्या चार-पाचजणींनी तरी गेल्या वर्षभरात मला याबद्दल विचारलं. एक पतसंस्थेत लिपिक आहे, एक साखर कारखान्याच्या कार्यालयात हिशेब पाहते, एक खासगी दवाखान्यात सगळा कारभार सांभाळते पण पगार मात्र रिसेप्शनिस्टचा घेते. एकीचं स्वतःचं कुंकू-बुक्क्याचं दुकान आहे. सगळ्या तिशी-पस्तिशीच्या, पदवीधर. प्रश्न एकच, "काकू, आता या वयात एमबीए जमेल का हो? आणि स्वस्तात कुठलं मिळेल?"

मैत्रिणींनो, मी काही या विषयातली तज्ज्ञ नाही. मी बी.ए. झालेली, घर सांभाळून चार सामाजिक कामं करणारी बाई. पण लग्नानंतर, मुलं झाल्यावर पुन्हा पुस्तक उघडावंसं वाटणं ही फार मोलाची गोष्ट आहे, आणि कोणीतरी त्या इच्छेचा बाजार मांडला तर ते पाहून गप्प बसवत नाही. म्हणून नियम वाचले, माहीतगारांना विचारलं. त्यातून जे समजलं ते तुमच्यापुढे ठेवते.

ही लाट आली कुठून?

घरी राहून शिकण्याची सोय नवी नाही. दिल्लीचं इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, म्हणजे इग्नू, १९८५ साली स्थापन झालं. नाशिकचं आपलं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ चं. डॉ. राम ताकवले त्याचे पहिले कुलगुरू. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे त्याचं ब्रीद. शाळा अर्धवट सुटलेल्या कितीतरी बायका या मुक्त विद्यापीठातून पदवीधर झाल्या. आपल्या ओळखीत अशी एक तरी असतेच.

मग आताच एवढा गाजावाजा का? तर सप्टेंबर २०२० मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने, म्हणजे यूजीसीने, दूरशिक्षण आणि ऑनलाइन शिक्षणाचे एकत्रित नियम जाहीर केले. ठराविक दर्जा असलेल्या विद्यापीठांना पूर्ण पदवी ऑनलाइन देण्याची वाट त्यामुळे मोकळी झाली. त्याच काळात कोरोनाने सगळ्यांनाच मोबाईलवर शिकायला बसवलं. पुढे सप्टेंबर २०२२ मध्ये आयोगाने स्पष्ट केलं, की मान्यताप्राप्त विद्यापीठाने दूरशिक्षणातून किंवा ऑनलाइन दिलेली पदवी ही वर्गात बसून घेतलेल्या पदवीच्या बरोबरीची धरली जाईल. झालं! खासगी विद्यापीठं उतरली, त्यांच्यासाठी विद्यार्थी गोळा करणाऱ्या कंपन्या उतरल्या आणि जाहिरातींचा पाऊस सुरू झाला.

यात एक गंमत लक्षात घ्या. जाहिरात करायला पैसा लागतो आणि तो शेवटी फीमधूनच निघतो. त्यामुळे जे सगळ्यात स्वस्त आहे, ते जाहिरातीत सहसा दिसतच नाही. आपल्या बायका मला दीड-दोन लाखांचे अभ्यासक्रम 'स्वस्त' म्हणून दाखवतात. इग्नूचं एमबीए गेल्या काही वर्षांत चारही सत्रांची फी धरून साधारण ६० ते ७० हजारांच्या घरात होतं. ते दूरशिक्षणातून करता येतं आणि ऑनलाइनही. पदवीला खुल्या गटात ५० टक्के आणि राखीव गटात ४५ टक्के गुण असले की पुरे, मग ती पदवी बी.ए.ची का असेना. पण त्यांचा माणूस काही आपल्याला दिवसातून सहा वेळा फोन करत नाही, म्हणून आपल्याला ते माहीत नसतं.

दिंडीचा नंबर पाहा

आपण पंढरपूरकर. पालखी सोहळ्यातल्या दिंडीला नंबर असतो, हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे. नंबर नसलेली माणसंही चालतात, पण सोहळ्यात त्यांची नोंद नसते. विद्यापीठाचंही असंच आहे. यूजीसीचा दूरशिक्षण विभाग दर सत्राला यादी प्रसिद्ध करतो – कोणतं विद्यापीठ, कोणता अभ्यासक्रम, कोणत्या वर्षासाठी. यात तिन्ही गोष्टी पाहायच्या. विद्यापीठ यादीत आहे पण त्याचं एमबीए नाही, किंवा गेल्या वर्षी होतं आणि यंदा नाही, असंही होऊ शकतं. अभिमत विद्यापीठ असेल, तर एआयसीटीईची मान्यताही विचारायची.

"एवढं कशाला, पदवी ती पदवी" असं म्हणणाऱ्यांसाठी एक उदाहरण सांगते. नोव्हेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार अभिमत विद्यापीठांनी दूरशिक्षणातून दिलेल्या अभियांत्रिकीच्या पदव्यांवर निकाल दिला. योग्य परवानगी नव्हती म्हणून २००१ ते २००५ या काळात प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या स्थगित झाल्या. त्यांना पुन्हा परीक्षा द्यायला सांगितलं गेलं. त्यानंतर प्रवेश घेतलेल्यांच्या तर रद्दच झाल्या. त्या पदवीवर मिळालेली बढतीसुद्धा अडकली. विचार करा, बारा-पंधरा वर्षं उलटल्यावर! चूक परवानगीशिवाय शिकवणाऱ्यांची, आणि भोगावं लागलं शिकणाऱ्यांना.

दुसरी गोष्ट अशी, की विद्यापीठाला आपली पदवी दुसऱ्याच्या दुकानातून विकता येत नाही. फ्रँचायझी पद्धत नियमात बसत नाही, आणि जानेवारी २०२२ मध्ये यूजीसीने तसा जाहीर इशाराही दिला. तेव्हा फी विद्यापीठाच्याच खात्यात जाते का, पावती कोणाच्या नावाची, हे पाहा. २०२४ पासून अशा प्रवेशासाठी विद्यार्थ्याला यूजीसीच्या संकेतस्थळावर स्वतःचा डीईबी क्रमांक काढावा लागतो. तो स्वतः काढा. "मॅडम, तुम्ही फक्त ओटीपी सांगा, बाकी आम्ही बघतो," असं कोणी म्हणालं की फोन ठेवून द्या.

हप्ता म्हणजे कर्जच

पतसंस्थेतल्या त्या मैत्रिणीला एका कंपनीचा फोन आला. "आजच शेवटची तारीख आहे, महिन्याला फक्त साडेपाच हजार, व्याज नाही." ती रोज दुसऱ्यांच्या कर्जाची कागदपत्रं तपासते, म्हणून तिने विचारलं, "हे साडेपाच हजार घेणार कोण?" खोदून विचारल्यावर कळलं, की एक वित्त कंपनी तिच्या नावावर कर्ज काढणार, सगळी फी आधीच भरून टाकणार आणि ती पुढे हप्ते फेडत बसणार. मध्येच अभ्यास सोडला तरी हप्ता सुटत नाही. चुकला तर नाव खराब होतं, मग उद्या घरासाठी किंवा दुकानासाठी कर्ज मागायला गेलं की अडतं.

डिसेंबर २०२१ मध्ये केंद्राच्या शिक्षण मंत्रालयानेच या कंपन्यांबाबत लोकांना सावध केलं होतं. खात्यातून आपोआप पैसे वळते करण्याची परवानगी देऊ नका, नकळत गळ्यात पडणाऱ्या कर्जापासून जपा, असं त्यात होतं. आणि ती 'शेवटची तारीख'? या अभ्यासक्रमांचे प्रवेश वर्षातून दोनदा होतात, एकदा जुलै-ऑगस्टच्या सुमारास आणि एकदा जानेवारी-फेब्रुवारीत. आज नाही तर सहा महिन्यांनी. गाडी चुकत नाही.

शक्य असेल तर सत्राची फी सत्रालाच भरा. भिशीचे किंवा गटातले पैसे वापरायचे असतील तर तेही तेवढेच काढा. अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

खरी किंमत

आता मी ज्या मुद्द्यासाठी हा लेख लिहायला बसले, तो सांगते. पैशांची फी सगळेच विचारतात, तासांची फी कोणी विचारत नाही.

इग्नूचं एमबीए ११६ क्रेडिटचं आहे. एका क्रेडिटला त्यांच्या हिशेबाने ३० तासांचा अभ्यास लागतो. म्हणजे झाले ३४८० तास. दोन वर्षांत पूर्ण करायचं तर रोज पावणेपाच तास! रविवार नाही, सण नाही, आजारपण नाही.

आता दुसरा आकडा बघा. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीनुसार घरकाम करणारी बाई त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटं देते, म्हणजे तेही पावणेपाच तासांच्या वरच. आणि घरकामाला हात लावणारे पुरुष? ८८ मिनिटं.

दोन्ही आकडे शेजारी ठेवले आणि माझी मीच थक्क झाले. नोकरी आठ तासांची, घरकाम पावणेपाच तासांचं आणि अभ्यास पावणेपाच तासांचा. झोपायचं कधी? म्हणून 'घरबसल्या' हा शब्द मला खटकतो. घरात बसलेली बाई मोकळी असते, असं त्यात गृहीत धरलंय. तिच्या पुरुष सहकाऱ्याला तोच अभ्यासक्रम त्याच फीत मिळतो, पण तासांत मोजला तर तिला तो फार महाग पडतो.

म्हणजे करू नये का? मुळीच तसं नाही. पण कार्यक्रम निवडताना फीच्या आधी मुदत विचारा. इग्नूचं एमबीए दोन वर्षांत करता येतं तसं जास्तीत जास्त चार वर्षांतही करता येतं. चार वर्षं धरली की रोजचे तास निम्म्यावर, अडीचच्या आत येतात. हे जमण्यासारखं आहे. उशिरा संपलं तर त्यात कमीपणा कसला?

परीक्षा कधी आणि कुठे, हेही विचारा. इग्नूच्या परीक्षा जून आणि डिसेंबरच्या सत्रात होतात. आता आपल्या गावचा जून-जुलै आठवा. आषाढीला घरात पंधरा-वीस माणसं उतरलेली, चूल दिवसभर पेटती आणि पेपर सोलापूरला, सत्तर किलोमीटरवर! त्या सत्राला कमी विषयांची परीक्षा द्यायची की घरच्यांशी आधीच बोलून ठेवायचं, हे प्रवेश घेतानाच ठरवलेलं बरं. माध्यमाचंही तसंच. इग्नूचं एमबीए इंग्रजीत आहे. नाशिकच्या मुक्त विद्यापीठाकडे चौकशी करताना माध्यम, अभ्यासकेंद्र आणि परीक्षाकेंद्र या तिन्ही गोष्टी विचारून घ्या, आणि यंदाचं माहितीपत्रक स्वतः वाचा.

पैसे भरण्याआधी एक फुकटची परीक्षा स्वतःची घ्या. इग्नूची पुस्तकं ई-ज्ञानकोश या संकेतस्थळावर कोणालाही मोफत वाचता येतात. केंद्र सरकारच्या 'स्वयम' या मंचावर २०१७ पासून व्यवस्थापनाचे कितीतरी अभ्यासक्रम विनामूल्य आहेत, प्रमाणपत्र हवं असेल तरच परीक्षेची थोडी फी. हिशेबाचा किंवा विक्रीकलेचा एखादा अभ्यासक्रम घ्या आणि तीन महिने रोज ठरलेल्या वेळी बसून दाखवा. बसता आलं, तर एमबीएकडे वळा. नाही आलं, तर आपल्याकडे बुद्धी कमी आहे असं समजू नका. घरात तो वेळ कोणी सोडलाच नाही, एवढाच त्याचा अर्थ.

कशासाठी, हे आधी ठरवा

त्या चार-पाचजणींना मी शेवटी एकच विचारलं, "पदवी मिळाल्यावर काय बदलेल?" पतसंस्थेतल्या मैत्रिणीने व्यवस्थापकांना विचारून घेतलं. वरच्या जागेसाठी पदव्युत्तर पदवी धरली जाते, असं कळलं. तिच्यासाठी एमबीएला अर्थ आहे. दवाखान्यातलीला मी म्हटलं, आधी पगार वाढवून माग. काम तर तू व्यवस्थापकाचंच करतेस, पदवीने मालकाचं मन बदलेलच असं नाही. कुंकू-बुक्क्याच्या दुकानवालीला पदवी नकोच होती. तिला जीएसटीचा हिशेब आणि मोबाईलवरून ऑर्डर घेणं शिकायचं होतं. त्याला दोन वर्षं कशाला? आणि कारखान्यातली म्हणाली, "काकू, मला नुसतं शिकायचंय. बारावीनंतर घरच्यांनी सांगितलं म्हणून बी.ए. केलं. आता माझ्या मनाचं करायचंय." हेही कारण मला तेवढंच खरं वाटतं. मात्र तसं असेल तर घाई नको, चार वर्षांची वाट धरावी.

घरातल्या माणसांनाही चार शब्द. सुनेच्या, बायकोच्या फीचे पैसे तुम्ही कौतुकाने देता, चारचौघांत सांगताही. पण तिला त्याहून जास्त गरज आहे ती रोजच्या दोन तासांची. संध्याकाळचा स्वयंपाक आठवड्यातून तीन दिवस दुसऱ्या कोणी केला, मुलांचा अभ्यास बाबांनी घेतला, तर ती फी कोणत्याही बँकेत मिळणार नाही अशी आहे. पतसंस्थेतल्या त्या मैत्रिणीच्या सासूबाई पहाटे काकड आरतीला उठतात. त्यांनी तिला सांगितलं, "मी उठले की तुलाही उठवते. चहा मी ठेवीन, तू वाचत बस."

तिने येत्या सत्राला अर्ज भरायचं ठरवलंय, चार वर्षांच्या बेताने. तुमच्यापैकी कोणी त्याच विचारात असेल, तर यादी पाहा, मुदत विचारा, आणि अर्जावर सही करण्याआधी घरच्यांना एकत्र बसवून रोजचे तास कोण, कुठून काढून देणार ते कागदावर लिहून घ्या.