राऊटरला शिंगं किती?

इंजिनिअरिंगला ॲडमिशन मिळाली की घरचे आपल्याला वायरमन समजायला लागतात. "अरे, तीन मजल्यांना पुरेल असा राऊटर सांग," असा फोन हॉस्टेलवर प्रत्येकाला एकदा तरी येतोच. मग आपले वीर ऐटीत सांगतात, "सहा अँटेनावाला घ्या!" माझं स्पष्ट मत आहे, असला सल्ला म्हणजे घरच्यांच्या खिशाला चाट.

मित्रांनो, जरा थिअरी आठवा. उभ्या अँटेनाचा सिग्नल मेदूवड्यासारखा आडवा पसरतो, वर-खाली कमीच. डीबीआय वाढवला की हा वडा आणखी चपटा होतो. म्हणजे अंगणात फुल रेंज आणि वरच्या खोलीत ठणठणाट! त्यात मध्ये लोखंडी सळ्यांचा स्लॅब. ५ गिगाहर्ट्‌झ वेगवान खरा, पण स्लॅब ओलांडताना २.४ पेक्षा लवकर धापा टाकतो. शिवाय राऊटर कितीही ओरडला, तरी मोबाईलचा बारीक आवाज त्याला परत ऐकू यायला नको का?

म्हणून घरी सांगा, साधाच राऊटर घ्या. पण मधल्या मजल्यावर, जिन्याजवळ, उंचावर ठेवा. टीव्हीमागे कोंबू नका. २.४ वर चॅनेल १, ६ किंवा ११ पैकी शेजाऱ्यांनी न वापरलेला निवडा. तरीही भागलं नाही, तर उरलेल्या पैशात जिन्यातून कॅट-६ वायर ओढून वर एक ॲक्सेस पॉइंट बसवा.

माझी धाकटी बहीण वरच्याच खोलीत अभ्यास करते. तिचं लेक्चर अडकतं तेव्हा तिला शिंगं नकोत, वायर हवी असते. आपल्या शिक्षणाचा घरी एवढा तरी उपयोग व्हावा!