म्हातारी गाडी, हलका खिसा

ऑक्टोबर २०१० मध्ये आपल्या शहरात एकाच दिवशी दीडशे मर्सिडीज आल्या आणि देशभर हेडलाइन झाली. मी तेव्हा शाळेत होते आणि आमच्या दारात होती बाबांची २००९ची वॅगन-आर. आता ती माझ्याकडे आहे. मीटरवर १ लाख ६२ हजार किलोमीटर!

‘अगं, विकून टाक ना,’ असं मित्रमंडळी म्हणतात. माझं उत्तर एका आकड्यात. पाच लाखांचं लोन, नऊ टक्के, पाच वर्षं, म्हणजे महिन्याला साधारण १०,४०० रुपये ईएमआय. फ्रीलान्सरचा चेक येईल तेव्हा येतो, ईएमआय मात्र तारखेलाच जातो. अर्थात, जुनी गाडी फुकटात पळत नाही. पैसे लागतातच. फक्त ते कधी घालायचे हे आपण ठरवायचं, गाडीनं नव्हे.

पहिला मान कूलंटचा. मे महिना, पारा चाळिशीपार, जालना रोडचा सिग्नल आणि एसी चालू! रेडिएटरचे रबरी पाइप कडक झाले किंवा फुगले की लगेच बदला. काही शे रुपयांचा पाइप फुटून इंजिन तापलं, तर हेड गॅस्केट जातं आणि बिल हजारांत.

दुसरा टायमिंग बेल्ट. तो तुटण्याआधी सांगत नाही, म्हणून कंपनीनं सांगितलेल्या किलोमीटरला बदलायचाच.

तिसरं पेट्रोल. २०२५ पर्यंत देशभरातल्या पंपांवर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आलं. जुन्या गाड्यांचे रबरी भाग ते डोळ्यांपुढे ठेवून बनलेले नाहीत. प्रत्येक सर्व्हिसिंगला मेकॅनिकला फ्युएल पाइप तपासायला सांगा.

मग वाचवायचं कुठे? आरसा, हँडल, बंपर बिनधास्त सेकंडहँड घ्या. ब्रेक आणि टायरमध्ये मात्र नो कंजुषी!

कागदांचाही खर्च धरा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. माझी २०२४ मध्ये पाच वर्षांसाठी रिन्यू झाली, फी ५,००० रुपये. २०२५ मध्ये २० वर्षांवरच्या कारसाठी हीच फी १०,००० झाली. पुढचा हिशोब त्या धाकानंच करायचा.

आणि सगळ्यात स्वस्त पार्ट म्हणजे एक वही. तारीख, किलोमीटर, काय बदललं, किती गेले. माझ्या वहीत गेल्या वर्षीची बेरीज ३१,४०० आहे, चार नवे टायर धरून. म्हणजे तीन ईएमआयच्या आसपास.

थांबायचं कधी, तेही वहीच सांगते. एकच बिल गाडीच्या आजच्या किमतीच्या निम्म्यावर गेलं किंवा बॉडी खालून गंजली, तर डोळे पुसून गाडी विकायची.

तोवर कूलंट भरा, हवा चेक करा आणि रविवारी वेरूळला चला!